नानांचं मत

टावर चौकात कचोरी खात होतो. आमच्या कॉलनीतला पप्पू स्कूटरवरूनच ओरडला, "नाना गेले यार!" मी विचारलं, "कुठे, इंदूरला?" ...मग त्याचं तोंड बघितलं आणि कचोरी हातातच राहिली.

नाना म्हणजे आमचे नागरिकशास्त्राचे सर, नानाखेड्यात आमच्या शेजारी. मी त्यांच्या तोंडावर त्यांची नक्कल करायचो, तर म्हणायचे, "गाढवा, मी एवढा नाकात बोलतो?" नाकातच बोलायचे. दर गणपतीत ते पोरांची जागतिक सभा भरवायचे, एकेक पोरगं म्हणजे एकेक देश. आवाज काढता येतात म्हणून दादागिरी करणारा देश कायम माझ्याकडे. गेल्या गणपतीत विषय होता, आफ्रिकेतल्या दोन देशांची लढाई थांबलीय, मध्ये शांतिसेना पाठवायची का? तिकडे परदेशात, खऱ्या जागतिक सभेत, ह्याच्यावरच खरं मतदान होणार होतं, आणि ठराव पास झाला की नानांच्या फौजेतल्या मुलाची, अविनाशची पलटण जाणार, हे अख्ख्या कॉलनीला माहीत. काकू, म्हणजे त्याची आई, पहिल्याच रांगेत बसलेल्या.

मी जाड आवाजात भाषण ठोकलं, लोक खूप हसले. पण मतदान आलं तशी अर्धी पोरं काकूंकडे बघायला लागली आणि विरोधात हात वर. माझाही. मामला बराबरीवर अटकला! आणि बरोबरी झाली तर सभापतीनं मत द्यायचं, हा नियम नानांचाच.

"नाना, पास मत होने दो ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"तिकडंही कुणाची तरी पोरंच आहेत रे..." नाना म्हणाले, आणि कोपर बरगडीला चिकटवून, पाणी मागावं तसा, ठरावाच्या बाजूनं अर्धाच हात वर केला. काकू उठून घरी निघून गेल्या.

खरा ठरावही पास झाला. अविनाशदादा गेला. नाना वारले तेव्हा तो तिकडेच होता, कसाबसा तेराव्याला पोचला. बैठकीत नानांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून म्हणाला, "आई, आता परत नाही जात. बदली मागतो."

काकू म्हणाल्या, "त्या दिवशी मी उठून आले. त्या ठरावावर माझं मत राहिलंच होतं." आणि हात वर केला. कोपर बरगडीला, हात अर्धाच. डिट्टो नाना.

सवयीनं मी बोलून गेलो, "काकू, हात पूरा वर करा, दिसत नाहीये."

"एवढाच जातो रे, मेल्या," काकू म्हणाल्या.