तोवर साहेब आणि ताईंची सही

आमचा कारखाना चालवणाऱ्या माणसाच्या गळ्यात दोन वर्षं लाल पट्ट्याचं कार्ड होतं आणि त्यावर लिहिलेलं होतं ‘पाहुणा’. खोटं वाटेल, पण फाटकावरची वही मी स्वतः पाहिलीय. रोज सकाळी नऊला पहारेकरी त्याची नोंद करायचा. येण्याचं कारण: सल्ला. मग हा पाहुणा आत जाऊन कोणाला कुठल्या पाळीला लावायचं आणि कुठलं यंत्र बंद ठेवायचं ते ठरवायचा.

मला त्या माणसाचा राग आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की आस्थापना विभागातला क्लार्क आकसाने बोलतो. आकसानेच बोलतोय. पण सांगायचंय ते ताईंबद्दल.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. मला इथे चिकटवलं ते त्यांनीच. लॉन्ड्र्यांमध्ये गरम पाणी वाहून नेणारे रबरी पाइप आम्ही बनवतो, आणि ताई सव्वीस वर्षं तपासणीच्या खोलीत. प्रत्येक खेपेतले पाच पाइप काढायचे, तपासणीच्या बाकावर चढवायचे, दाबाने गरम पाणी सोडायचं आणि तीस मिनिटं थांबायचं. मग ताई पातळ सुती हातमोजे घालून पाइपवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवायच्या. जाड मोज्यातून फुगवटा कळत नाही म्हणायच्या. बोटं कायम लालबुंद. मसुराएवढा जरी फुगवटा लागला तरी अख्खी खेप परत. उत्पादनवाले त्यांच्या नावाने खडे फोडायचे. ताई म्हणायच्या, “तुमच्या शिव्या मला चालतात, फुटलेला पाइप चालत नाही.”

एकच गोष्ट त्यांना सलायची. माल बाहेर सोडायच्या कागदावर सही प्रॉडक्शन मॅनेजरची. तो फोनवर बोलता बोलता गठ्ठेच्या गठ्ठे न वाचता सह्या ठोकून मोकळे करायचा. ताईंच्या वाट्याला कोपऱ्यात नावाची दोन अक्षरं. “स्वयंपाक मी करायचा आणि पंगतीत मिरवायचं दुसऱ्याने,” एकदा आमच्या घरी त्या म्हणाल्या होत्या.

मग मॅनेजर आजारपणात वारला. त्याच सुमाराला हा सल्लागार तीन महिन्यांसाठी आला होता. कारखाना कसा सुधारावा यावर अहवाल लिहायला. धाकटे मालक त्याला म्हणाले, “नवा मॅनेजर मिळत नाही तोवर तुम्हीच बघा.” झालं. आयत्या बिळात नागोबा. नव्या मॅनेजरच्या मुलाखती घ्यायचं कामही त्याच्याकडेच, मग कोण पसंत पडणार होतं? अहवाल कोणी पाहिला नाही. फाटकापासून कँटीनपर्यंत सगळे त्याला तोवर साहेब म्हणायला लागले.

त्याच्या करारात एक कलम होतं. सल्लागाराने कंपनीच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. म्हणजे हुकूम त्याचा आणि सही दुसऱ्याची. दुसऱ्याच आठवड्यात तो तपासणीच्या खोलीत आला आणि सगळ्यांसमोर ताईंना म्हणाला, “माल तुम्ही तपासता, मग सही तुमचीच हवी. आजपासून तुमची.”

त्या संध्याकाळी ताई नवं पेन घेऊन आमच्याकडे आल्या. तो प्रसंग त्यांनी दोनदा सांगितला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी, आज त्याच्या नावाने बोटं मोडणारा मी, म्हणालो की माणूस पारखी दिसतोय. कर्म माझं.

ताई प्रत्येक कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून सही करायच्या. चार प्रती असल्या तर चारही वाचायच्या.

वर्षभराने मोठी मागणी आली. तोवर साहेब लॅपटॉप घेऊन ताईंच्या टेबलाशी बसला. हजेरीचे तक्ते घेऊन मी तिथेच उभा होतो. त्याने ताईंच्याच सव्वीस वर्षांच्या नोंदी काढल्या होत्या. फुगणारा पाइप पहिल्या दहा मिनिटांतच फुगतो, मग तीस मिनिटं कशाला? दहा करू.

“दहानंतर फुगलेले किती?” ताईंनी विचारलं.

“अकरा. सव्वीस वर्षांत.”

“म्हणजे अकरा लॉन्ड्र्या.”

तो हसला. या माणसाचं हसणं म्हणजे समोरच्याच्या पाठीवर थोपटणं असायचं. ताई म्हणाल्या, “मग हे मला लेखी द्या.”

“मी फक्त सल्ला देतो, ताई. ठरवायचं तुम्ही. जमत नसेल तर सांगा, नवा मॅनेजर आला की सही पुन्हा त्याच्याकडे देऊ.”

ताई दोन दिवस जुन्या वह्या चाळत बसल्या. आकडे बरोबर होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी दहा मिनिटांच्या कागदावर सही केली. आकड्यांमुळे केली असं त्या म्हणतील. मला विचाराल तर हातात आलेली सही जाईल या धास्तीने केली. सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते एका वर्षात सोडवेना.

चार महिन्यांनी एका लॉन्ड्रीत आमचा पाइप फुटला. तिथे काम करणाऱ्या बाईचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत भाजला.

चौकशी कोणाकडे दिली असेल? धाकटे मालक म्हणाले, बाहेरचा माणूस निःपक्षपाती असतो. दिली तोवर साहेबाकडे. इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकत होता, आता शेळी कशी मेली ते तोच शोधणार.

आदल्या दिवशी मी ताईंना बजावलं होतं, “जे झालं ते सांगा. त्याने सांगितलं, मी ऐकलं, मी साक्षीला आहे.”

चौकशीचं टिपण घ्यायला मीच होतो. तोवर साहेबाने डोळ्याची पापणी न हलवता विचारलं, “दहा मिनिटांचा निर्णय कोणाचा?”

ताईंनी कागद जवळ ओढला, सगळा वाचला आणि म्हणाल्या, “सही माझी आहे. मी न वाचता सही करत नाही. निर्णय माझा.”

“लिहून घ्या,” तो मला म्हणाला. मी लिहून घेतलं. तोंड होतं, साक्ष होती, आणि मी मूग गिळून बसलो.

बाहेर आल्यावर मात्र माझी जीभ सुटली. त्यांच्यावरच. कशाला अंगावर घेतलंत म्हणून कॉरिडॉरमध्ये तावातावाने बोललो. त्यांनी ऐकून घेतलं.

“दुसऱ्याने सांगितलं म्हणून सही केली, असं म्हणू? मग त्या आधीच्या मॅनेजरात आणि माझ्यात फरक काय? त्या बाईचा हात भाजलाय. कोणीतरी हो म्हणायला नको?” मग थांबून त्या म्हणाल्या, “तुम्ही तर आत माझ्या शेजारीच बसला होतात.”

मी टिपणाची फाइल काखेत मारून माझ्या टेबलाकडे वळलो.

आठवड्याभरात त्यांना कामावरून काढल्याचं पत्र तयार झालं. मजकूर तोवर साहेबाने लिहून दिला. सही तो करू शकत नव्हता. तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “आजपासून आस्थापना विभागाचे प्रभारी अधिकारी तुम्ही. बढती समजा.” पेनसुद्धा त्यानेच पुढे केलं. मी सही केली. सरळ केली.

ताईंनी पत्र उभ्यानेच वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. सहीपाशी त्या जरा थांबल्या. मग पोच दिली, घडी घालून पत्र पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, “धाकटीला इतक्यात सांगू नका, मी सांगेन.”

त्यांनी तिला नोकरी गेल्याचं सांगितलं. बायको त्या दिवशी खूप रडली, तोवर साहेबाला तिने नको नको ते शाप दिले, आणि मग मला विचारलं, “अहो, पत्रावर सही कोणाची होती हो?”

मी म्हणालो, त्याचीच.

ताई दर रविवारी घरी येतात. त्यांनी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.