घरामागचं खुराडं

कबनूरला आमच्या घरामागं पत्र्याचं खुराडं होतं. त्यातल्या कोंबड्या माझी नणंद बघायची. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती माहेरी आली होती. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

जयसिंगपूरच्या बाजारातून तिनं तीन तलंगा आणल्या, अजून अंड्यावर न आलेल्या, आणि जुन्या कोंबड्यांत सोडल्या. दोघी निभावल्या. तिसरी करडी मात्र एका थोराड काळ्या कोंबडीच्या तावडीत सापडली. दाण्याजवळ आली की काळी तिच्या डोक्यावर टोच मारायची. पाठीची पिसं गेली, कातडं फाटलं. रक्त दिसल्यावर बाकीच्याही तुटून पडल्या, तिच्याबरोबर आलेल्या दोघीसुद्धा.

नणंदेनं तिला हळद-तेल लावून स्वयंपाकघरात डालग्याखाली झाकलं. खुराड्यात दाण्याची भांडी लांब लांब ठेवली, टोचायला दुसरं काही मिळावं म्हणून मेथीची जुडी टांगली. सासरे म्हणाले, कापून टाका. तिनं ऐकलं नाही. करडी तिच्या हातातून कण्या खायला लागली.

स्वयंपाकघरातली घाण सासूबाईंना खपत नव्हती. एक दिवस नणंद मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला गेली असताना त्यांनी करडीला परत खुराड्यात सोडलं. मी थांबा म्हटलं, तर म्हणाल्या, “किती दिस घरात ठिवणार हाय? लागंल वळणाला.”

संध्याकाळी नणंदेनं खुराडं उघडलं. करडीनं पत्र्याच्या फटीत डोकं खुपसलं होतं. पाठ उघडी पडली होती, पण जीव होता. नणंदेच्या मांडीवरच ती गेली.

“मी म्हटलं हुतं की आई, पिसं येऊ देत,” एवढंच ती बोलली. सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत.

त्याच महिन्यात तिच्या सासरची माणसं आली. आता तो सुधारलाय, पोरीला पाठवा, म्हणाली. चहा झाला. सासऱ्यांनी तिला कपडे भरायला सांगितलं.

“तिथं काय बदललंय?” तिनं विचारलं.

सासऱ्यांनी रिकामी पिशवी तिच्यापुढं सरकवली. तिनं ती भरली.

पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा डावा हात प्लास्टरमध्ये होता. सासूबाईंनी तिचं अंथरूण स्वतःशेजारी घातलं. त्यानंतर सासरहून कुणीही आलं, की सासरे दारातूनच माघारी लावायचे. हात मात्र कोपरातून सरळ झाला नाही. तिची वेणी मीच घालत आले.