देवाला हातांची भाषा येते का?

सुजाताताई गेली, त्याला आज वर्ष झालं.

माझी मोठी बहीण. मुलुंडला, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत टीचर होती. रिटायर होईपर्यंत तिथेच.

आज तिच्या एका शनिवारबद्दल सांगायचंय.

गणपतीच्या सुट्टीनंतर तिच्या वर्गात भांडण जुंपलं. सगळं अर्थात खुणांनी.
ओंकारने हाताची सोंड करून दाखवली. हा देव.
जोएलने छातीवर क्रॉस काढला. नाही, हा.
सनाने एक बोट वर केलं. देवाला चेहरा नसतोच.
सिद्धार्थ म्हणाला, आमच्यात देवच नाही.

खरं कोणाचं?

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, सगळे देव सारखेच, चला, पुस्तकं काढा.
ताई म्हणाली, "घरी विचारून या."

मुलं तशीच परत आली. घरच्यांना खुणा येतच नव्हत्या. जेव, झोप, चल, बस्स. देव म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यात एका पालकाने तक्रार केली, शाळेत धर्म कशाला?
मोठ्या बाई टेन्शनमध्ये. "सुजाता, सोड ना हा विषय."
"मुलांनी विचारलंय बाई. उत्तर द्यायला नको?"

आणि तिने शनिवारी पालकांनाच बोलावलं. मी खुर्च्या लावायला गेलो होतो, म्हणून पाहायला मिळालं.

ताई खूण शिकवायची, ते आपल्या मुलाला करून दाखवायचे.

ओंकारची आई म्हणाली, रूपं खूप, आत तो एकच.
जोएलची मम्मी म्हणाली, देव बाप आहे. आपल्यासाठी माणूस होऊन आला, दुःख सोसलं.
सिद्धार्थचे आजोबा म्हणाले, बुद्ध माणूसच होते. त्यांनी वाट दाखवली, चालायचं आपण.

कोणी कोणाला खोडून काढलं नाही.

शेवटी सनाचे अब्बा उठले. एसी रिपेअर करायचे. ताईने दाखवलेल्या खुणा एकेक करत सांगितलं,
तो एक आहे. दिसत नाही. त्याच्यासारखं कोणी नाही. तो सगळ्यांचं ऐकतो.

सनाने लगेच हात हलवले. त्यांना कळेना. ताईने सांगितलं, "ती विचारतेय, मी तर बोलत नाही, मग माझं कसं ऐकणार? त्याला हातांची भाषा येते का?"

ते ताईकडे वळून हळूच म्हणाले, "टीचर, 'उसको सब आता है' कैसे बोलते हैं?"

ताईने करून दाखवलं. ते सनासमोर जमिनीवर बसले आणि तसंच केलं. मग पुन्हा एकदा.

बाकीची मुलंही आपापल्या घरच्यांकडे वळली होती. त्यांनाही तेच विचारायचं होतं.

सोमवारपासून पालकांचा खुणांचा वर्ग सुरू झाला. तक्रार करणारेही आले. ताईने तो शेवटपर्यंत चालवला.

आमची आई मालवणची. आता थकलीय. पण कोणी तिच्या या लेकीबद्दल विचारलं की पदर सावरून बसते आणि सांगते,
"माझ्या चेडवान पोरांक देवाशी बोलूक शिकवल्यान."

ताई, तुझ्यामुळे आमची मान ताठ आहे.
शांत झोप.