गायकवाड काकांचे पाच मासे

मासे पाळणाऱ्यांच्या शेडमध्ये दोनच गोष्टी साठतात: आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि किस्से. डबे निदान मासे न्यायला लागतात. किश्श्यांचं काय करायचं, सांगा!

इंग्लंडमधल्या आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबात मराठी दोघेच. मी, आयटीवाला, आणि स्लाऊच्या कारखान्यातून रिटायर झालेले गायकवाड काका. मेक्सिकोच्या वाळवंटात एक कोमट झरा होता, भोवती थोडी दलदल. तिथला बोटाच्या पेराएवढा मासा जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. शेतांच्या पंपांनी झरा आटला. उरले ते आमच्या टाक्यांमध्ये. झरा आटल्याची ईमेल क्लबाला आली, ती वाचून काका म्हणाले, "माणसाचं गाव जातं, तो दुसरीकडे राहतो. ह्यांनी जायचं कुठे? स्लाऊला?"

*

शेजारच्या झऱ्यातला मासा मात्र भरपूर, आणि दिसायला हुबेहूब तसाच. एकदा ग्लासगोच्या इयननं दोन ग्लासांत दोन मासे ठेवून काकांची परीक्षा घेतली. काकांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि चुकीच्या ग्लासावर बोट ठेवलं. वर शांतपणे म्हणाले, "मी मासा ओळखत नाही, टाकीवरची चिठ्ठी वाचतो."

*

क्लबाचा रिवाज असा की दुर्मिळ मासा एकाच घरी ठेवायचा नाही. काकांनी इयनला दहा दिले, मला बारा. इयनकडे वीज गेली, दहाही गेले. मी पाणी बदलताना नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायचे थेंब घालायला विसरलो. सकाळी बाराही तरंगत होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. फोनवर काकांनी माझीच समजूत काढली. त्यांच्याकडे आता तीन माद्या, दोन नर. उन्हाळ्यात पिल्लं झाली तर ठीक, नाहीतर संपलं.

*

जानेवारीत काकांची बायपास झाली. काकूंनी आजवर शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. आता काकांची वही बघून त्या रोज चिमूटभर खाणं टाकू लागल्या.

काकांना हॉस्पिटलातून घरी आणायला काकू आणि मी गाडी घेऊन गेलो. परतीच्या वाटेत काकूंनी सांगितलं, की परवा एका टाकीचा हीटर बंद पडला. पाच मासे गारठून तळाशी बसले होते. काकांच्या जिवाला घोर नको म्हणून कळवलं नाही. चहाच्या गाळणीनं एकेक उचलला आणि शेजारच्या उबदार टाकीत सोडला, तिथे अगदी तसलेच ऐंशीएक होते.

ते ऐंशी शेजारच्या झऱ्यातले, भरपूर असणारे. ऐंशीतून ते पाच आता कोण वेगळे काढणार?

"एकही मेला नाही हो," काकू म्हणाल्या.

काकांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाले, "हुशार आहेस." घरी पोचल्यावर काकू चहा टाकायला गेल्या तेव्हा मात्र ते माझ्यासमोर रडले. तिला कुणी काही सांगायचं नाही, एवढंच त्यांनी मागितलं.

*

पुढच्या मीटिंगआधी मी सगळ्यांना फोन करून ठेवले. काका पहिल्यांदाच काकूंना घेऊन आले. दुर्मिळ माशांचा हिशेब देण्याची वेळ आली तेव्हा टेबल धरून उभे राहिले.

"माझ्या बायकोनं वाचवले," ते इंग्रजीत म्हणाले. "पाचही."

हॉलमध्ये वीस माणसं, सगळ्यांना खरं काय ते ठाऊक. मग इयन उठला आणि टाळ्या वाजवू लागला. पाठोपाठ सगळेच उठले. कुणी एकमेकांकडे बघत नव्हतं.

काकू लाजल्या. पदर सारखा करत मला हळूच म्हणाल्या, "अरे, बसायला सांग ना त्यांना. एवढं काय केलं मी!"