थोरल्या दाजींना ‘काय विशेष?’ विचारू नका

माणूस भेटला की तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता? ‘काय विशेष?’ हाच ना? आणि समोरचा ‘विशेष काही नाही’ म्हणाला की तुमचं समाधान होतं ना? मग आमच्या थोरल्या दाजींपासून जरा लांब राहा. उभ्या धाराशिव जिल्ह्यात या दोन शब्दांचा एवढा राग धरणारा दुसरा माणूस नाही. थोरले दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मोठे दीर. त्यांना कोणी ‘काय विशेष?’ म्हटलं की ते चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाला पुसतात आणि विचारतात, "तुला सगळं सांगू, का नुसतं नवीन सांगू? नुसतं नवीन ऐकायचं असंल तर पेपर घे."

या माणसाचा कालच्या माहितीवर विश्वासच नाही. बहिणीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी तिच्या हातचा चहा घेताना ते दर वेळी विचारतात, "तुझं माहेर भूमचंच ना? आईचा गुडघा कसा हाय? भाऊ त्याच नोकरीत हाय का?" सख्ख्या धाकट्या भावालाही, "साखर घेतोस का रं?" असं विचारल्याशिवाय कप पुढं करत नाहीत. नोकरी धाराशिवला, म्हणून दर शनिवारी ते भावाकडं भूमला येतात. गाडी तीच, वेळ तीच, कंडक्टरही बहुधा तोच. तरी पायरीवर उभं राहून विचारणारच, "ही भूमलाच जाती ना?" एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "भाऊ, मागच्या शनिवारी गेली, त्याच्या मागच्या शनिवारी गेली." दाजी म्हणाले, "मागचं मागं. आजचं सांगा." तेव्हा कंडक्टरनं कागद काढून बघितला, तर गाडी त्या दिवशी भूमच्या अलीकडं, वाशीपर्यंतच होती. पाटी बदलायची राहिली होती. गाडीभर माणसं चडफडत उतरली आणि दाजी दारात उभे राहून प्रत्येकाला, "उतरा, उतरा, पाटी शिळी हाय," असं सांगत होते.

पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका खासगी संस्थेत ते कॉम्प्युटरवर असतात. गावोगावच्या विहिरी, हापसे, कोणत्या साली कोणता नमुना, त्यात काय सापडलं, हे सगळं तिथं साठतं आणि त्यातून क्यूब तयार होतो. क्यूब म्हणजे काय, हे त्यांनी मला आमच्या भूमच्या खव्यावरून समजावलं. "मूळ तक्ते म्हंजे दूध. कुणी येऊन ‘या गावाचं पाणी कसं?’ विचारलं, तर तवा दूध आटवत बसायचं का? म्हणून आधीच आटवून ठिवायचं. तो क्यूब. पण कालच्या खव्यात आजचं दूध आपोआप शिरत न्हाय. क्यूब परत प्रोसेस करावा लागतो." त्याच्या तीन तऱ्हा. सगळं दूध नव्यानं चुलीवर चढवायचं, याला पाच तास लागतात आणि तोवर कोणाला काही वाढता येत नाही, म्हणजे रिपोर्ट बंद. किंवा आज आलेलं दूध तेवढं आटवून जुन्या खव्यात मिसळायचं. हे पाच मिनिटांचं काम. किंवा, प्रत्येक सालाची कढई वेगळी ठेवलेली असते, तर एकच कढई ओतून पुन्हा करायची. दाजींचा जीव पहिल्या तऱ्हेवर. त्यांच्या साहेबांनी मात्र फर्मान काढलं होतं: रोज फक्त नवीन मिसळा, रिपोर्ट बंद ठेवायचे नाहीत. दाजींनी तीन वेळा लेखी कळवलं की जुन्या ओळीत कोणी दुरुस्ती केली तर ती अशानं क्यूबमध्ये कधीच येणार नाही. साहेबांनी तिन्ही वेळा विचारलं, "पण नवीन काय अडचण आहे?"

मी चळवळीच्या, पत्रकं काढणाऱ्या घरात वाढले. आमच्याकडं पाहुण्याला पाण्याआधी पत्रक मिळायचं. त्यामुळं आमच्या गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोरांच्या दातांवर पिवळे डाग दिसले, तिथल्या सुमनमावशीचा आठ वर्षांचा नातू गुडघे धरून बसायला लागला आणि त्या विहिरीचा रिपोर्ट मात्र हिरवा, ‘पिण्यायोग्य’, असा आला, तेव्हा मी रात्रीत मथळा तयार केला: ‘हिरव्या रंगाचं विष’. फिल्टर कोणत्या वस्त्यांना बसवायचे याची बैठक दुसऱ्या दिवशी तीन वाजता होती आणि यादी याच रिपोर्टवरून निघणार होती. हिरवी विहीर म्हणजे फिल्टर नाही. पहिल्या गाडीनं मी धाराशिव गाठलं आणि साडेदहाला दाजींच्या टेबलापुढं उभी राहिले.

"त्या विहिरीच्या फ्लोराइडचा आकडा द्या दाजी. बारापर्यंत छापून वाटते."

"तू म्हंजे तेरखेड्याची फटाक्याची माळ हायस," ते म्हणाले. "वात पेटायच्या आत आवाज. शिळा आकडा मी देत नसतो. त्या मावशीला फोन लाव."

मला वाटलं, ते विचारतील, नवीन नमुना दिला का? तोच प्रश्न आधी सगळ्यांनी विचारला होता आणि मावशीचं उत्तर ‘नाही’ असं होतं. दाजींनी सुरुवात केली विहीर कोणी खोदली इथून. मग दोर केवढा लागतो, मग पाण्याला चव कशी. मी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. माझ्या येरझाऱ्यांना तेव्हा तोडीस तोड कोणी नव्हतं. दाजी अजून खुर्चीत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि नमुना न्यायला पहिल्यांदा कोण आलं हुतं?"

"आलं हुतं एक पोरगं," मावशी म्हणाली. "देवळाजवळच्या हापशाची बाटली भरून निघालं. लिहून घेतलं आमच्या हिरीचं नाव. म्या लई भांडले. मग दोन महिन्यांनी परत आलं आन हिरीची बाटली नेली. शाळंवर पत्रे बसले ना, त्या साली. त्याला लई दिस झाले की. त्यात काय विशेष?"

दाजींनी फोन माझ्या हातात दिला, शाळेवर पत्रे कोणत्या साली बसले ते मला विचारलं आणि त्या सालाचा मूळ तक्ता उघडला. प्रयोगशाळेनं प्रामाणिकपणे जुनी ओळ दुरुस्त केली होती. तिथं विहीर लाल होती. नवी ओळ मात्र पडली नव्हती, म्हणून क्यूबला त्याचा पत्ताच नव्हता. तिथं ती अजून हिरवीगार होती.

अकरा वाजून गेले होते. सगळा क्यूब मुळापासून करायचा तर चार वाजणार. मध्येच रिपोर्ट बंद दिसले की साहेब मागच्या महिन्याची छापील यादी घेऊन बैठकीला जाणार. दाजी उठले, बसले, परत उठले. अर्धं काम करणं म्हणजे या माणसाला उष्टं खाण्यासारखं. "एक कढई बदलायची आन बाकीच्या तशाच ठिवायच्या," ते स्वतःशीच बोलले, "त्यात काय नासलंय ते कुणाला ठावं?"

"दाजी, मावशीचा नातू अजून तेच पाणी पितोय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या एका सालाची कढई निवडली आणि प्रोसेसला लावली. त्यानंतरची चाळीस मिनिटं ते अंगणातल्या लिंबाखाली चालत होते. दर पाच मिनिटांनी आत यायचे, पडदा बघायचे, पाणी प्यायचे, लाईट आहे का म्हणून बल्बकडं बघायचे आणि परत बाहेर. मी त्यांच्या मागं. चपलांनी अंगणात वाट पडली असेल. बारा वाजता विहीर लाल झाली. साहेबांनी यादी काढली आणि वस्तीचं नाव बघून विचारलं, "हे नवीन आलं का?" दाजी म्हणाले, "न्हाय साहेब. जुनंच हाय. दिसलं आज."

फिल्टर मंजूर झाला. मी आनंदानं पेढे घेऊन गेले, तर दाजींचा चेहरा उतरलेला. "ही मावशी भांडली म्हणून कळलं. जी भांडली न्हाय तिचं काय?"

त्या आठवड्यात ते भूमला आलेच नाहीत. रविवारी बहिणीनं माझ्याबरोबर धाराशिवला डबा धाडला. ऑफिस बंद, रिपोर्ट कोणाला नको होते, आणि दाजींनी सगळं दूध चुलीवर चढवलं होतं. ते चालत होते. अकरा वाजता मात्र अचानक थांबले, खिशातून फोन काढला, नुसता हातात धरला आणि परत ठेवला. त्यांनीच सांगितलं. त्यांचे वडील माकणीला असायचे, बहिणीच्या लग्नाच्या आधीची गोष्ट. दाजी दर रविवारी अकराला फोन करायचे. "मी म्हणायचो, काय विशेष? आबा म्हणायचे, विशेष काय न्हाय. पायाला सूज हुती, पण ती मला म्हाईत हुती. जुनीच हुती ना. ती वाढत चाललीय हे सांगण्यासारखं विशेष हाय, असं त्यांना वाटलं न्हाय. कळलं तवर आबा गेले हुते. मी बी फक्त नवीन विचारलं."

मग ते परत चालायला लागले. चार वाजता क्यूब पूर्ण झाला. आणखी दोन हिरव्या विहिरी लाल निघाल्या. दाजींनी त्यांची नावं कागदावर उतरवून माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "घे. आता छाप."

त्या दोन गावांचं पत्रक मी छापलं. पत्रकाच्या शेवटी मागणी लिहायची असते. तिथं मी सरकारला उद्देशून लिहिलं, ते योग्यच होतं. पण एक मागणी तुमच्याकडंही आहे. आज घरी फोन करा. ‘काय विशेष?’ म्हणू नका. गुडघा कसा आहे विचारा, झोप लागते का विचारा, पाणी कुठून आणता ते विचारा. तुम्हाला माहीत असलेलं सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून विचारा, आणि पलीकडचं माणूस सांगून संपेपर्यंत फोन ठेवू नका.