गार्बिनची डावी बाजू

आन्सेल्मनं एकतीस वर्षं आर्ल शहराच्या रिंगणात खेळाचे बैल सोडले, पण रिंगण काही बघितलं नाही. बघितलं ते दाराच्या फटीतून, हातभर वाळू आणि बैलाचं ढुंगण. बाकी सगळं कानानं. बैलाच्या शिंगांना बांधलेली दोरी खेळाडूंनी हिसकायची, असा तो खेळ; दोरी राहिली की गेली, हे तो लोकांच्या ओरड्यावरून अचूक सांगायचा. तो दलदलीच्या मुलखातला गडी, जन्म घोड्याच्या पाठीवर गेला, लग्नाच्या भानगडीत पडला नाही, माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलला.

त्या रविवारी बैलांच्या मालकीण देल्फीनबाईंनी दारावर दुसरा गडी उभा केला.

"चल वर. गार्बिन आज शेवटचा उतरणार. बाटलीनं दूध पाजलंस त्याला, आणि निरोप फटीतून देतोस होय?"

"मला वर चक्कर येईल, बाई."

"ढोसून घोड्यावर बसतोस तेव्हा नाही येत ती! चल, ऊठ."

भीती होती खरी, पण चकरेची नव्हे. मार्चपासून गार्बिनचा डावा डोळा गेला होता. आन्सेल्मनं ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर पोस्टरवर खेळणाऱ्या गड्यांपेक्षा मोठ्या अक्षरात छापलेलं गार्बिनचं नाव खाली उतरलं असतं, आणि चौदा वर्षांचा तो मानी बैल मुकाट्यानं कुरणात गेला असता. आता पंधरा मिनिटं दहा जण हातात लोखंडी आकडे घेऊन त्याच्या शिंगांवर झेपावणार. दोरी वाचली तर बँड वाजेल. गेली तर हसं होईल, आणि त्याला कारण आन्सेल्म.

जिना अंधारा, बोगद्यासारखा. दगड गार. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. शेवटची पायरी चढून तो उजेडात आला आणि थबकलाच.

कमानीवर कमान, त्यावर आणखी कमान. सगळं आभाळ गोल कापून वर बसवल्यासारखं. आणि त्या दगडांच्या उतरंडीवर माणसंच माणसं.

"बाई... हे एवढं होतं?"

"दोन हजार वर्षं झाली त्याला. तुलाच वेळ मिळाला नाही!"

त्यानं बसायच्या दगडावर हात फिरवला. हजारो बुडांनी तो साबणासारखा गुळगुळीत केला होता. आपण इतकी वर्षं याच्या पोटातच उभे होतो, हे त्याला खरंच वाटेना.

तुतारी झाली. गार्बिन आला. फटीतून दिसायची ती वाळू आता समुद्राएवढी झाली होती, आणि तिच्या मधोमध तो काळा बैल एकटा. एक गडी डावीकडून धावला. गार्बिनला तो दिसलाच नाही. कपाळावरचा लाल गोंडा गेला; दोरी तेवढी राहिली.

"अरे, हा झोपलाय काय!" मागून कुणीतरी खेकसलं.

"डावी बाजू धरा!" गड्यांच्या लक्षात आलं होतं.

आन्सेल्मनं डोळे मिटले. लोक गप्प झाले. असली शांतता त्यानं खालून कधी ऐकली नव्हती. त्यानं भीत भीत डोळे उघडले.

गार्बिन पाऊल पाऊल मागं सरला होता. डावी कूस लाकडी कुंपणाला घासून तो उभा होता. त्या बाजूनं आता उंदरालाही वाट नव्हती. उजवीकडून जो येईल त्याला तो शिंगं दाखवी, आणि गडी कुंपणावर उडी मारून पळे. एक, दोन, सात. दोरीला हात लागेना.

"असा भिंत धरून कधी उभा राहिला नव्हता हा," देल्फीनबाई पुटपुटल्या.

"डावा डोळा गेलाय त्याचा. मार्चपासून."

बाईंनी सावकाश मान वळवली. "आणि तू मला आज सांगतोस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणला नसता."

"नसताच आणला, गाढवा! कुंपणावर आपटून डोकं फुटलं असतं त्याचं."

"हो."

तुतारी झाली. पंधरा मिनिटं संपली, दोरी शिंगांवर तशीच. बँड सुरू झाला, आणि सगळी उतरंड एकदम उभी राहिली.

"घरी चल, मग बघते तुझ्याकडे," असं म्हणत बाईही डोळे पुसत उठल्या.

आन्सेल्मला मात्र उठता आलं नाही. त्यानं दोन्ही तळवे दगडावर दाबले. हजारो पायांच्या ठेक्यानं ती म्हातारी शिळा थरथरत होती.