ओटा, माळा आणि मोराचं डिझाइन

कॉम्प्युटरसमोर बसून इतकी सुखाची डुलकी घेणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांशिवाय साऱ्या सोलापुरात सापडायचा नाही. चादरीच्या कारखान्यात मामांनी जन्मभर डिझाइनं काढली आणि निवृत्त होताना तिथला मोडीत निघालेला कॉम्प्युटर मागून घेतला, कारण त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालतं. तो सुरू करून ते आंघोळीला जातात, पूजा आटोपतात, चहाची कपबशी घेऊन येतात, तेव्हा कुठे पडदा उजळतो. मग काहीतरी उघडायला सांगायचं आणि डोळे मिटायचे. आत हार्ड डिस्क कुरकुरत असते, बाहेर पेठेतले माग खटखटत असतात आणि त्या दोन आवाजांच्या मधून मामा कुठल्या कुठे गेलेले असतात. अशा वेळी कोणी बोललेलं त्यांना खपत नाही. व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे कॉम्प्युटरनं डिस्ककडून उसनी घेतलेली जागा, त्यांनी मला स्वयंपाकघराच्या उदाहरणानं समजावली होती. मेमरी म्हणजे ओटा, डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर मावेना की भांडी माळ्यावर टाकायची, लागली की उतरवायची. "चढउतार करतंय बिचारं, घाई कशाला?" मुलानं पुण्याहून पाठवलेला नवा लॅपटॉप त्यांनी एकदाच उघडला. तो लई पटकन उघडतो, मनाची तयारीच व्हत न्हाय, ही त्यांची तक्रार.

मामी गेल्या तेव्हा दोघांचं एक मोराचं डिझाइन अर्धवट राहिलं होतं. रेघ मामांची, रंग मामींचा, असा त्या घरचा रिवाज. मामींनी सांगितल्याशिवाय मामांनी कधी एक पाकळी रंगवली नाही. परवा मामा ते डिझाइन उघडायला गेले, तर व्हर्च्युअल मेमरी कमी पडतेय अशी सूचना आली आणि सगळं बंद पडलं. मला बोलावणं आलं. मेमरी वाढवायची तर डिस्कवर जागा हवी आणि डिस्क मामांच्याच जुन्या डिझाइनांनी गच्च भरलेली. पेनड्राइव्हवर काढून ठेवू म्हटलं, तर नको म्हणाले. एकेक उघडायचं, डोळे भरून बघायचं, पुसायचं. वेली गेल्या, हत्ती गेले, कारखान्यात ज्याचं फार कौतुक झालं होतं ते कमळही गेलं. मलाच बघवेना.

"असू द्या की जावईबापू. ती इनून झाली, लोकांच्या अंगावर हायत. हे तेवढं राहिलंय."

संध्याकाळी पुरेशी जागा झाली. मी मेमरीचा आकडा वाढवला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि मोर वरून एकेक ओळ उतरू लागला. तुरा आला, निळी मान आली, मग पिसारा. तो निम्म्यापासून खाली कोरा होता. माउसवर हात ठेवून मामा बराच वेळ बसले. या खेपेला डोळे मात्र उघडे होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हळूच विचारलं, "कंचा रंग घालू?"

मला रंगातलं काडीचं कळत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी ते उत्तराची वाट बघत बसून राहिले.